फाट्यावरचे स्थानक : जलंब

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ सोडले, मलकापूर मागे पडले, नांदुरा गेले, की शेगावच्या अलीकडे जलंब नावाचे एक लहानसे स्थानक लागते. शेगावला श्रीगजानन महाराजांच्या दर्शनासाठी उतरणारे भाविक तोवर पिशव्या-गाठोडी आवरण्याच्या गडबडीत असतात आणि पुढे अकोला, बडनेरा, नागपूर गाठणारे प्रवासी पेंगत असतात. बहुतेक जलदगाड्या येथे थांबतही नाहीत. त्यामुळे असंख्य प्रवाशांच्या दृष्टीने जलंब म्हणजे खिडकीतून क्षणभर दिसून मागे जाणारी एक पाटी. परंतु त्या पाटीवर गावाच्या नावापुढे 'जंक्शन' हा शब्द आहे आणि तो शोभेसाठी लिहिलेला नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील या गावापासून दक्षिणेकडे एक फाटा निघतो आणि अवघ्या ८ मैलांवर, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरवर, खामगावला जाऊन संपतो.

जंक्शन म्हटले म्हणजे भुसावळ, मनमाड, दौंड, मिरज अशी नावे डोळ्यांसमोर येतात. तेथे रुळांचे जाळे असते, इंजिनांची आगारे असतात, रात्रभर जागणारे फलाट असतात. जलंबच्या वाट्याला हे वैभव आले नाही. सभोवती पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, तीत कपाशी, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन, आणि मध्ये हे स्थानक. असे असूनही ग्रामीण विकासाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने या स्थानकाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. शाखा मार्ग कशासाठी जन्माला येतो, कशावर जगतो आणि कशामुळे क्षीण होतो, हे दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या त्याच्या वाटचालीत स्वच्छ दिसते. हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही, हेही पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

कापसाची वाट

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीने रूढ केली. त्या सोन्याचा रंग मात्र पांढरा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून खामगाव ही कापसाची पेठ म्हणून वाढत गेली. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजारा तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून मुंबईकडे, तसेच शेकडो मैलांवरील गंगाकाठच्या मिर्झापूरकडे जात असे. वाटेत धुळीने तो मळे, पावसाने भिजे आणि महिनोन्‌महिने रस्त्यावर राही. मालाची प्रत आणि भाव, दोन्ही वाटेतच घसरत.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्याच वर्षी मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापसाचा पुरवठा खुंटला आणि इंग्लंडमधील गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. कापसाच्या व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी सरकारने खास आयुक्त नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी हे काम पाहिले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मार्ग नागपूरपर्यंत पोचला.

हा मुख्य मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटीने गेला. थेट आणि सपाट मार्ग बांधायला सोपा व चालवायला स्वस्त असतो. खामगाव या सरळ रेषेच्या दक्षिणेस, घाटाच्या पायथ्याच्या बाजूला राहिले. प्रांतातील एक प्रमुख कापूसपेठ आणि प्रांतातील एकमेव लोहमार्ग यांच्यामध्ये आठ मैलांचे अंतर पडले. बैलगाडीला हे अंतर म्हणजे काळ्या मातीतून अर्ध्या दिवसाची वाट, आणि अवेळी पाऊस झाला तर चाक तुंब्यापर्यंत रुतण्याची भीती. म्हणून मुख्य मार्गावर एक जागा निश्चित करून तेथून खामगावपर्यंत फाटा टाकण्याचे ठरले. ती जागा म्हणजे जलंब.

१८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते हा मार्ग खुला झाला. आठ मैलांच्या फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, यावरून त्या काळी कापसाला किती महत्त्व होते याची कल्पना येते. हा योग काळाच्या दृष्टीनेही लक्षणीय होता. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला होता आणि १८७० मध्येच मुंबई समुद्रातील तारेने इंग्लंडशी जोडली गेली. कालवा, तार आणि फाटा ही तीन कामे काही महिन्यांच्या अंतराने पुरी झाली आणि खामगावच्या पेठेतील भाव लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधला गेला. मुख्य मार्ग सरकारी हमीवर चालणाऱ्या खासगी कंपनीचा होता. खामगावचा फाटा मात्र सरकारने स्वतः बांधविला आणि चालविण्यासाठी कंपनीकडे सोपविला. देशातील पहिल्या काही सरकारी रेल्वेमार्गांत त्याची गणना होते. पाठोपाठ १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत असाच दुसरा छोटा फाटा झाला.

रुळांची रुंदी

या फाट्याबाबत एक निर्णय फार दूरगामी ठरला. तो मुख्य मार्गाच्याच रुंदीचा, म्हणजे साडेपाच फुटी, बांधला गेला. खामगावच्या प्रेसमध्ये दाबून बांधलेली रुईची गाठ एकदा वाघिणीत चढली की तीच वाघीण जलंबला मुख्य मार्गावरील मालगाडीला जोडता येई आणि थेट मुंबई बंदरापर्यंत जाई. मध्ये उतरविणे नाही, चढविणे नाही, हमालीचा दुसरा खर्च नाही.

याउलट उदाहरण त्याच मार्गावर पूर्वेकडे मूर्तिजापूरला आहे. तेथून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत खासगी कंपनीने बांधलेले हे दोन्ही मार्ग अडीच फुटी, अरुंद रुळांचे होते. यवतमाळचा फाटा ११३ किलोमीटरचा आणि अचलपूरचा ७६ किलोमीटरचा. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ही गाडी लोकांच्या मनात घर करून राहिली आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. अरुंद मार्ग बांधायला स्वस्त पडतो, हे खरे. परंतु प्रत्येक गाठ आणि प्रत्येक पोते मूर्तिजापूरला एका गाडीतून दुसरीत हलवावे लागे. बांधकामात वाचविलेला पैसा पुढे दररोज हमालीच्या रूपाने द्यावा लागला. योजना आखताना आरंभीचा खर्च आणि नंतरचा कायमचा खर्च यांचा हिशेब वेगवेगळा मांडला नाही तर काय होते, याचा हा बोलका दाखला आहे.

फाट्याने काय आणले, काय नेले

फाटा आल्यावर खामगावचे रूप पालटले. लोखंडी यंत्रे आगगाडीने येऊ लागली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि सरकी व रुई वेगळी करण्याचे काम गावोगावच्या चरक्यांवरून यंत्रांकडे गेले. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंतच्या हंगामात पंचक्रोशीतील बैलगाड्यांच्या रांगा पेठेत लागत. रोख पैसा खेड्यात आला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कापसाला हमखास गिऱ्हाईक मिळू लागल्यावर ज्वारीखालची बरीच जमीन कपाशीखाली गेली. कापूस विकून धान्य विकत घ्यावयाचे, असा संसार वाढत गेला. परदेशात भाव पडला की खामगावात भाव पडे. शेतकऱ्याच्या हाती मात्र त्या भावाची कोणतीच किल्ली नव्हती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात पाऊस हुकला, कापूसही गेला आणि घरची ज्वारीही नव्हती. ज्या रुळांवरून कापूस गेला होता त्याच रुळांवरून प्रांतात धान्य आले, परंतु ते विकत घेण्याची ऐपत असंख्य कुटुंबांपाशी उरली नव्हती. आगगाडी धान्य पोचवू शकते, ते विकत घेण्याची शक्ती पोचवू शकत नाही, हा त्या दुष्काळाचा धडा आहे. रोजगार हमीसारख्या योजनांचे महत्त्व समजावून सांगताना शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी तो अवश्य सांगावा.

लहान जंक्शनचे काम कसे चालते

आता स्थानकाच्या दैनंदिन कामाकडे वळू. वरवर पाहता लहान स्थानकावर काम थोडे असावे असे वाटते. प्रत्यक्षात मुख्य मार्गावरील लहान जंक्शनवर जोखीम मोठी असते. भुसावळ-बडनेरा हा दुहेरी आणि अतिशय वर्दळीचा मार्ग आहे. दोन स्थानकांमधील मार्गखंडात पुढच्या स्थानकाची संमती असल्याखेरीज गाडी सोडावयाची नाही, हे रेल्वेचे मूलभूत सूत्र होय. पूर्वी ही संमती घंटीच्या खुणांनी आणि यंत्राच्या दांडीने घेत. पुढे विजेच्या साधनांनी ती सोपी झाली, पण सूत्र बदलले नाही. मागून जलदगाडी येत असेल तर पुढच्या मालगाडीला बाजूच्या रुळावर घेऊन तिला वाट द्यावयाची, फाट्यावरील गाडीसाठी सांधा बदलावयाचा, सांधा नीट बसला आणि कुलूपबंद झाला याची खात्री करावयाची आणि मगच सिग्नल द्यावयाचा. स्टेशनमास्तर, सांधेवाला, गार्ड आणि चालक यांपैकी एकाचीही नजर चुकली तर परिणाम काय होतो, हे सांगावयास नको.

ज्या छोट्या फाट्यावर एका वेळी एकच गाडी चालवितात, तेथे आणखी सोपी पद्धत वापरतात. त्या फाट्याचा परवाना म्हणून एकच दांडा किंवा टोकन ठेवलेले असते आणि ते हाती असल्याशिवाय चालकाने गाडी फाट्यावर न्यावयाची नाही. एकच परवाना, म्हणून एकच गाडी, म्हणून समोरासमोर टक्कर नाही. इतकी साधी व्यवस्था, पण तिच्यातील शिस्त कडक. शाळेतील मुलांना सार्वजनिक सुरक्षिततेचा अर्थ शिकविताना याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

रुळांची निगा हेही मोठे काम आहे. कपाशीला पोसणारी काळी जमीन रुळांना मात्र त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हातहात रुंद भेगा पडतात. त्यामुळे रुळांखालची खडी खचते आणि रूळ खालीवर होतात. उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावते, थंडीत आकुंचन पावून रूळ तडकण्याची भीती असते. म्हणून चावीवाला हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतील रूळ रोज पायी तपासतो. पावसाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत रात्रीची गस्त असते. डब्यात निश्चिंत झोपलेल्या प्रवाशाला या माणसाचे नाव माहीत नसते.

मेळ चुकला तर

जंक्शनचे खरे काम म्हणजे दोन गाड्यांचा मेळ घालणे. समजा, चिखलीकडील एखादा रुग्ण एस.टी.ने खामगावला येतो, तेथून फाट्याच्या गाडीने जलंबला आणि जलंबहून दुसऱ्या गाडीने पुढे जाणार आहे. फाट्याची गाडी दहा मिनिटे उशिरा आली आणि मुख्य मार्गावरील गाडी निघून गेली, तर त्याची हानी दहा मिनिटांची होत नाही. पुढची थांबणारी गाडी येईपर्यंतचा सारा वेळ जातो, प्रसंगी दिवस बुडतो आणि डॉक्टरांनी दिलेली वेळ टळते. मुख्य मार्गावरील गाडी फाट्याच्या गाडीसाठी किती थांबवावयाची, याचा निर्णय नियंत्रण कक्षातून होतो आणि त्या कक्षालाही मागच्या वीस गाड्यांचा विचार करावा लागतो. दोघांचीही अडचण खरी असते. तथापि दोन-तीनदा मेळ चुकला की प्रवासी त्या वाटेने येईनासा होतो. मग गाडी रिकामी धावते, रिकामी धावते म्हणून फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेले प्रवासीही जातात. शाखा मार्गाचा क्षय बहुधा असाच सुरू होतो.

बैलगाडीचे अंतर आणि मोटारीचे अंतर

१८७० मध्ये तेरा किलोमीटर हे मोठे अंतर होते. मोटारीला ते काही मिनिटांचे झाले. १९४८ मध्ये राज्यात एस.टी. सुरू झाली आणि पुढील दशकांत ती खेडोपाडी पोचली. मालमोटारी थेट जिनिंगच्या दारापर्यंत येऊ लागल्या. खामगावच्या व्यापाऱ्याला किंवा प्रवाशाला आगगाडीच गाठावयाची असेल तर मोटारीने शेगाव वा नांदुरा गाठणे सोयीचे वाटू लागले. ज्या अंतरामुळे फाटा जन्मला तेच अंतर त्याच्यावर उलटले.

मालवाहतुकीतही बदल झाला. पूर्वी व्यापारी एक-दोन वाघिणी मागवून माल पाठवीत असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रेल्वेने पूर्ण मालगाडी एकदम भरून नेण्याच्या धोरणावर भर दिला. रेल्वेच्या दृष्टीने हे कार्यक्षम होते, कारण वाघिणी जागोजाग जोडण्या-सोडण्यात फार वेळ जाई. परंतु सुमारे चाळीस वाघिणी भरतील इतका माल एका वेळी जमविणे लहान पेठेला अवघड होते. लहान स्थानकांचे मालधक्के त्यामुळे ओस पडले.

तोट्यातील शाखा मार्गांचे काय करावे, हा प्रश्न देशपातळीवरही वारंवार आला. १९६९ मध्ये त्यासाठी एक समिती नेमली गेली. पुढे रेल्वे सुधारणा समितीने १९८० च्या दशकाच्या आरंभी असे ४० मार्ग बंद करण्याची शिफारस केली. बंद करण्यापूर्वी संबंधित राज्य शासनांचे मत विचारले गेले आणि अनेक राज्यांनी विरोध केल्याने बरेच मार्ग टिकले. परंतु विरोध करून मार्ग टिकविणे वेगळे आणि वापर वाढवून मार्ग जिवंत ठेवणे वेगळे.

येथे हिशेबाचा एक मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. खामगावहून फाट्याने निघून मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाच्या भाड्यात फाट्याचा वाटा तेरा किलोमीटरचा असतो. उरलेला पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास मुख्य मार्गाचा. फाट्याचा हिशेब त्याच्या लांबीपुरताच मांडला तर तो तोट्यातच दिसणार. झऱ्याचे पाणी झऱ्यापाशीच मोजले तर तो क्षुद्र वाटतो, परंतु नदीला पाणी येते ते अशा झऱ्यांतूनच. मुख्य मार्गाला फाट्याने किती प्रवासी आणि किती माल मिळवून दिला, हेही मोजले पाहिजे.

दोन शेजाऱ्यांची उदाहरणे

खामगावच्या फाट्यापुढे दोन वाटा आहेत, आणि दोहोंची उदाहरणे वऱ्हाडातच पाहावयास मिळतात.

पहिले उदाहरण बडनेरा-अमरावतीचे. हाही कापसासाठीच टाकलेला छोटा फाटा आणि तोही अमरावतीला येऊन संपत असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथून चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या भागातून नरखेडपर्यंत सुमारे १३८ किलोमीटरचा नवा मार्ग खुला झाला. नरखेड हे नागपूर-इटारसी मार्गावरील स्थानक. त्यामुळे अमरावतीचा फाटा दोन मोठ्या मार्गांना जोडणारा दुवा झाला आणि संत्र्याच्या पट्ट्यातील गावांच्या जवळ रेल्वे आली.

दुसरे उदाहरण मूर्तिजापूरचे. अरुंद रूळ, संथ गती, जुन्या कराराचा गुंता आणि दुरुस्तीकडे झालेले दुर्लक्ष यांमुळे 'शकुंतला'च्या फेऱ्या घटत गेल्या आणि २०२० पर्यंत दोन्ही फाट्यांवरील प्रवासी गाड्या थांबल्या. गाडी बंद पडली की बाजाराला जाणारी भाजीवाली, शाळेला जाणारी मुलगी आणि सासरी निघालेली लेक यांच्या भाड्याचा खर्च वाढतो. त्याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

घाटाखाली आणि घाटावर

बुलढाणा जिल्ह्याचे घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन भाग सर्वांच्या बोलण्यात असतात. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके आणि खामगावचे शेवटचे स्थानक, सारी घाटाखाली. बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, तसेच चिखली, मेहकर, देऊळगाव राजा ही गावे घाटावर, रेल्वेविना. खामगावपासून घाट चढून चिखली, देऊळगाव राजामार्गे जालन्यापर्यंत लोहमार्ग न्यावा, ही मागणी ब्रिटिश अमदानीपासून होत आली आहे. हे अंतर सुमारे १६० किलोमीटरचे आहे. राज्य शासनाने या मार्गाच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी दर्शविली आहे.

हा मार्ग पुरा झाला तर जलंबचे महत्त्व पालटेल. आज फाट्याच्या मुळाशी असलेले हे स्थानक विदर्भ आणि मराठवाडा यांमधील एका सरळ वाटेचे उत्तरेकडील द्वार होईल. चिखलीच्या रुग्णाची एक गाडी वाचेल, घाटावरच्या सोयाबीनला आणि कापसाला पूर्ण मालगाडी भरण्याइतका माल एकत्र करता येईल आणि जालन्याच्या बियाणे व पोलाद उद्योगांना वऱ्हाडची वाट जवळ होईल. परंतु घोषणा आणि रूळ यांमध्ये सर्वेक्षण, भूसंपादन, निधी आणि घाटातील अवघड बांधकाम अशा अनेक पायऱ्या असतात. त्यांतील काही पायऱ्यांवर स्थानिक संस्थांची मदत निर्णायक ठरते.

स्थानिक संस्थांनी काय करावे

पहिले काम नोंदींचे. रेल्वेची मागणी करणारा ठराव प्रत्येक ग्रामपंचायत करते. आकडे नसतील तर ठरावाला वजन येत नाही. आपल्या गावातून रोज किती विद्यार्थी बाहेरगावी जातात, महिन्याला किती रुग्ण मोठ्या रुग्णालयात न्यावे लागतात, हंगामात किती क्विंटल माल कोठे जातो, याची वही वर्षभर ठेवावी. शिक्षकांनी मुलांकरवी हे काम केले तर गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्हींचा अभ्यास एकाच उपक्रमात होईल. विभागीय पातळीवरील रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीसमोर अशी वही ठेवणारा सदस्य रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता कमी असते.

दुसरे काम वेळांच्या मेळाचे. गाडीचे वेळापत्रक बदलले की एस.टी.चे बदलतेच असे नाही. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी आगार व्यवस्थापक आणि रेल्वे यांना पत्र लिहून बस स्थानकावर गाडीआधी पोचेल आणि गाडीनंतर निघेल, अशी व्यवस्था मागावी. दोन्ही वेळापत्रके ग्रामपंचायतीच्या फलकावर शेजारीशेजारी लावावीत. याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

तिसरे काम स्थानकापर्यंतच्या वाटेचे. स्थानकाचे आवार रेल्वेचे असले तरी तेथवरचा रस्ता, त्यावरील दिवे, गटारे ही बहुधा स्थानिक संस्थांची जबाबदारी असते. अंधाऱ्या, चिखलाच्या वाटेमुळे स्त्रिया संध्याकाळच्या गाडीने येण्याचे टाळतात. फाटकाऐवजी रुळांखालून भुयारी मार्ग झाला असेल तर पावसाळ्यात त्यात पाणी तुंबणार नाही, अशी निचऱ्याची सोय आराखड्यातच मागितली पाहिजे. काम पुरे झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

चौथे काम जमिनीच्या कागदांचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. नव्या मार्गासाठी जमीन संपादित होते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळतो. आजोबांच्या नावावरील जमीन चार नातवंडे कसत असतील आणि वारसनोंद झालेली नसेल, तर मोबदला वर्षानुवर्षे अडकून पडतो, भाऊ-भाऊ कोर्टात जातात आणि विधवा सुनेचा हक्क डावलला जाण्याची भीती असते. म्हणून संभाव्य मार्गावरील गावांतील सरपंच आणि तलाठी यांनी वारसनोंदी व फेरफार आजच पुरे करून घ्यावेत. मार्ग लवकर येवो वा उशिरा, हे काम वाया जाणार नाही.

मित्रहो, जलंबचा फाटा परक्या सरकारने परक्या गिरण्यांच्या कापसासाठी टाकला. तो कोठून निघावा आणि कोठे थांबावा, हे ठरविताना येथील शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. स्वतंत्र देशात तसे होण्याचे कारण नाही. नव्या मार्गाची रेघ नकाशावर ओढली जाईल तेव्हा स्थानक गावापासून किती अंतरावर असावे, मालधक्का कोणत्या बाजूस असावा, कोणती पायवाट तुटू नये, हे सांगण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो वेळेवर, लेखी आणि आकड्यांसह बजावला पाहिजे. शाखा मार्गाला जिवंत ठेवणारे बळ शेवटी त्या गाडीने रोज ये-जा करणाऱ्या माणसांचे असते. त्यांचे म्हणणे योग्य कागदावर, योग्य वेळी, योग्य टेबलावर पोचविणे हे पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी या तिघांचे समाईक कर्तव्य आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घ्यावा, एवढीच विनंती.